सरस्वतीबाईंचा हातगुण

गोदाने गेल्या सहा महिन्यांत शेजारच्या सरस्वतीबाईंना जितकं गोडधोड नेऊन दिलं, तितकं तिने स्वतःच्या सासूला सहा वर्षांत दिलं नसेल. कधी चिरोटे, कधी रव्याचे लाडू, काहीच जमलं नाही तर नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांची फणी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, शेजारीण असावी तर अशी! हे कानावर पडलं की गोदा मान खाली घालून आत निघून जायची. चांगुलपणा कसला डोंबलाचा! ज्या घरात चोरी केली त्याच घराची राखण करायला चोराने रोज जावं, तसला तो प्रकार होता. आणि चोरी कसली, तर एका कोंबडीची. हसू नका. सगळं ऐका आणि मग हसा.

दोन्ही घरं शिंप्यांची, विठ्ठलाची. कोण जाणे किती पिढ्यांमागे म्हैसूरला आलेली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. गोदाचा नवरा शेषगिरी ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवतो. दुकान पुढे, घर मागे, त्यामागे परस, आणि परसाच्या चार फुटी भिंतीपलीकडे सरस्वतीबाईंचं परस. बाई पंचाहत्तरीच्या. खाली त्या एकट्या, वरच्या मजल्यावर मुलगा आणि सून कमलिनी.

सरस्वतीबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आणि परसात कोंबड्या! यावरून लोकांनी त्यांना कमी छळलं नाही. बाई हसून म्हणायच्या, “मी कुठं खाते? सांभाळते. विठ्ठलाला सांभाळलेलं चालत नाही होय?” कोंबड्या त्यांच्या माहेरच्या वाणाच्या. काळ्याभोर, लहानखुऱ्या, डोक्यावर पिसांचा झुपका. लग्नात आईने एक जोडी टोपलीत घालून पाठवली होती, तिचाच हा पन्नास-पंचावन्न वर्षांचा विस्तार. विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. अंडी बाळंतिणींना फुकट.

आणि बाईंचा हातगुण! लग्नाच्या बस्त्यातल्या पहिल्या कापडाला पहिली कातर त्यांची. बाळाच्या पहिल्या झबल्याला पहिली कातर त्यांची, मग पुढे कुणीही बेतो आणि कुणीही शिवो. उबवायला बसणाऱ्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची तर तीही त्यांच्याच हातून. त्यांनी ठेवलेल्या बारा अंड्यांतून अकरा पिल्लं निघत, आणि बारावं का नाही निघालं म्हणून बाई दोन दिवस हळहळत.

आता गोदाचं सांगते. पाच वर्षांपूर्वी रेडिमेड गणवेशांनी शेषगिरीचं काम निम्म्यावर आणलं, तेव्हा गोदाने पदर खोचला. बन्नूरच्या आठवडी बाजारातून तिने गिरीराजा जातीचा एक धिप्पाड कोंबडा बसमधून मांडीवर बसवून आणला. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट? गोदा म्हणाली, माझ्या मांडीवर बसलाय, लहान आहे! तर तो कोंबडा तिने आपल्या गावठी कोंबड्यांत सोडला. गावठी कोंबडी, इथल्या भाषेत नाटी कोळी, चवीला खरी, पण अंगात हाडं आणि हट्ट यांखेरीज फारसं काही नाही. गिरीराजा अंगाने भरलेला, पण चव बेताची. दोघांची पिल्लं मात्र अशी निघाली की बघत राहावं. पाचव्या महिन्याला दोन किलोची, पाय दणकट, चव आईची. गोदा दर रविवारी पहाटे घरीच कापायची, पाण्यात बुडवून पिसं काढायची, नारळाच्या सुक्या झावळीवर भाजायची, हळद चोळायची, तुकडे करायची आणि स्टीलच्या डब्यात भरून द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकं वाढत गेली. गोकुलममधल्या सुप्रीता मॅडम तर म्हणायच्या, गोदाक्का, तुमची कोंबडी खाल्ल्यापासून दुकानातली घशाखाली उतरत नाही.

एकच खोट होती. बापाकडून वजन आलं तसा बेफिकीर स्वभावही आला. त्या मिश्र कोंबड्या अंडं घालायच्या, सगळी गल्ली जागी करायच्या आणि अंड्याकडे पाठ फिरवून चालू पडायच्या. खुडूक बसणं म्हणून काही असतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. मग गोदा भिंतीवरून हाक मारायची, “अक्का, एक खुडूक द्या की.” आणि सरस्वतीबाई द्यायच्या. रीत ठरलेली. पिल्लं निघाली की त्यातलं एक कोंबडीच्या मालकिणीचं, आणि कोंबडी जशी नेली तशी धडधाकट परत. बाई दरवेळी कोंबडी हातात देताना सांगायच्या, “गोदा, तुझ्या घरी सुरी चालते. हिला सांभाळ गं.” गोदा म्हणायची, “अक्का, माझ्या गळ्याला सुरी लागेल, हिच्या नाही.”

पहिलं पाप तर तिथेच सुरू झालं होतं. गोदाचा गिरीराजा ती चार फुटी भिंत भिंत मानायलाच तयार नव्हता. शिवाय रीतीप्रमाणे दिलेली पिल्लं, तीही त्याच्याच बीजाची. तीन वर्षांत बाईंच्या परसातलं काळं रान तांबूस, ठिपकेदार होऊन गेलं. झुपके गेले, पाय जाड झाले, आणि एकेक कोंबडी अंड्यांवरून उठून चालायला लागली. बाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा शुगर उतरेना म्हणून तसाच राहिलेला. त्यांना सावल्या दिसत. गोदाला लख्ख दिसत होतं. कोंबड्याचे पंख कातरावेत असं तिला पन्नासदा वाटलं, आणि एकावन्नाव्यांदाही ती उद्या बघू म्हणाली. शेवटी त्या माहेरच्या वाणाची अस्सल म्हणावी अशी एकच उरली. तिचं नाव शेंडी.

संक्रांतीनंतरचा रविवार. शेंडी गोदाच्या कोठीत बारा अंड्यांवर बसून बारा दिवस झाले होते. आता शिंप्याच्या घरची एक गंमत सांगायला हवी. चिंधी टाकायची म्हटलं की यांच्या जिवावर येतं. म्हणून गोदाने कोंबड्यांच्या पायाला पायपिंगच्या, म्हणजे कपड्याच्या काठाला लावतात त्या रंगीत पट्ट्या बांधायची पद्धत काढली होती. लाल पट्टी म्हणजे रविवारी कापायची. हिरवी म्हणजे परक्याची, हात लावायचा नाही. शेंडीच्या पायाला अर्थातच हिरवी. पण गुरुवारी ती पट्टी विष्ठेने बरबटून गळून पडली. हिरव्या पायपिंगचा गणवेश शिवून कधीच गेला होता आणि मशीनखाली कुणाच्या तरी लग्नाच्या ब्लाऊजचं लाल पायपिंग पडलं होतं. गोदाने तेच बांधलं. म्हणाली, बांधणारी मी, कापणारी मी, मला नाही कळणार तर कुणाला कळेल!

रविवारी उजाडता उजाडता तिने चुलीवर पाणी ठेवलं आणि रोजच्यासारखं शेंडीला अंड्यांवरून उचलून परसात सोडलं. खुडूक कोंबडीचं तेवढंच बाहेर येणं असतं. दाणे टिपायचे, पाणी प्यायचं, धुळीत एकदा अंग घोळायचं आणि पुन्हा अंड्यांवर. दहा मिनिटांचा खेळ. नेमका तेव्हाच शेषगिरी लाल पट्टीच्या कोंबड्या धरायला टोपली घेऊन आला. सात ऑर्डरी होत्या. पट्ट्या आठ दिसल्या. त्याला वाटलं, हिने एखादी जास्त बांधून ठेवली असेल. अंधुक उजेडात रंग-झुपका न बघता, नुसत्या पट्ट्या बघून त्याने हाताला आल्या तशा सात धरल्या. आणि खुडूक कोंबडी पळत नाही हो. तिचं सगळं लक्ष मागे अंड्यांत असतं. ती पहिली हातात आली.

शेषगिरी कापत नाही. रेशमाला रक्ताचा डाग लागेल म्हणतो, खरं तर त्याला बघवत नाही. तो कोंबडी हातात देतो आणि तोंड फिरवतो. गोदाचीही एक सवय होती. कापताना ती कोंबडीकडे बघत नसे. डाव्या हातात पंख आणि मान, तोंड भिंतीकडे, एकदा “विठ्ठला” म्हणायचं आणि सुरी ओढायची. पाच वर्षांत तिने एकाही कोंबडीचा डोळा बघितला नव्हता. डोळा बघितला की हात थांबतो, आणि हात थांबला की त्या जिवाला जास्त दुखतं, असं ती सांगायची. खोटं नव्हतं ते. पण त्या दिवशी डोळा बघितला असता तर!

सातही झाल्या. गरम पाण्यात बुडवून ती एकेकीची पिसं काढायला बसली. भिजलेली पिसं सगळी एकाच रंगाची दिसत होती, हात यंत्रासारखा चालत होता, तोंडाने ती नवऱ्याला चहाचं सांगत होती. चौथ्या कोंबडीच्या पोटाशी बोटं गेली आणि पिसंच हाताला लागेनात. छातीखाली तळव्याएवढी कातडी उघडी. मऊ, सैल, लालसर. खुडूक बसलेली कोंबडी आपल्याच पोटाची पिसं झाडते, अंड्यांना सरळ अंगाची ऊब लागावी म्हणून. तिथे ओढायला काही नव्हतं. ते काम त्या कोंबडीने आधीच करून ठेवलं होतं.

“अहो,” गोदा म्हणाली, “शेंडी कुठंय?”

शेषगिरीने परसात बघितलं. एक लाल पट्टीवाली तांबडी कोंबडी निवांत चरत होती. शेंडी नव्हती.

आता तुम्हीच सांगा, माणसाने अशा वेळी काय करावं? भिंत चार फुटांची. पलीकडे बाई तुळशीला पाणी घालत होत्या, तांब्याचा आवाज येत होता. तिथल्या तिथे हाक मारून सांगितलं असतं, रडली असती, पाय धरले असते, तर गोष्ट त्या दिवशी संपली असती. पण दारात सुप्रीता मॅडमचा नवरा स्कूटर चालूच ठेवून उभा होता. गोदाने हळद घेतली आणि चोळली. त्या उघड्या जागेवर जरा जास्तच चोळली. तुकडे केले, डबा भरला, दिला. संध्याकाळी मेसेज आला, आजची फारच छान होती, पुढच्या वेळी अशीच पाठवा. गोदा उलटी करून आली.

अंड्यांवर तिने खोक्यात बल्ब लावला. तिसऱ्या दिवशी शेषगिरीने मोबाईलचा दिवा धरून बघितलं, आत काही हलत नव्हतं. बारा दिवसांची अंडी, भरलेली. त्याने ती कडुलिंबाखाली पुरली. म्हणाला, “गोदा, सांगून टाक.” गोदा त्याच्यावरच खेकसली, “तुम्ही धरून दिलीत, तुम्हीच सांगा जा!” शेषगिरी मशीनवर जाऊन बसला. तो काय सांगणार? पट्टी कुणी बांधली ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुढे तिने जे केलं ते तर त्याहून वाईट. एकविसाव्या दिवशी तिने भिंत ओलांडून इकडे चरायला आलेली शेंडीचीच एक मिश्र लेक उचलली. रंगाने काळी, डोक्यावर अर्धामुर्धा झुपका. बाजारातून एक पिल्लू आणलं. दोन्ही घेऊन पलीकडे गेली आणि हसत म्हणाली, “अक्का, नऊ निघाली बघा! हे तुमचं, आणि ही तुमची शेंडी.” बाईंनी कोंबडी मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवला. शुगरने बोटांची टोकं बधिर झालेली, सुई टोचली तरी कळत नसे. “भरलीय गं, वजनाने,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडं खाऊन पिऊन सुखी होती म्हणायची.” गोदा म्हणाली, “हो ना.” हा शब्द तिच्या तोंडून इतक्या सहज निघाला की तिचं तिलाच भय वाटलं.

फेब्रुवारीत बाईंनी त्या कोंबडीखाली अंडी ठेवली. दोन दिवसांत ती उठून गेली. मार्चमध्ये पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. एप्रिलमध्ये बाईंनी एकादशी करून, हात धुऊन, विठ्ठलाला नमस्कार करून ठेवली. अंडी कुजली, वास सुटला. कमलिनी म्हणाली, अत्ते, साकु आता, पुरे. बाईंनी टोपली धुऊन उपडी ठेवली. मे महिन्यात शेंदाडकरांच्या घरचं लग्न निघालं आणि बस्त्याच्या कापडाला कातर लावायला बोलावणं आलं, तर त्या गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. मग देवळातल्या हारांची फुलं निवडणंही सोडलं. गोदा बघत होती. लाडू नेऊन देत होती. मध्ये एकदा बन्नूरहून चांगली खुडूक बसणारी कोंबडी आणून दिली, तर बाई म्हणाल्या, “नको गं. कोंबडीत काही नाही. माझा हातगुण गेलाय. शेंडी सुद्धा बसत नाही माझ्या हाताखाली, मग काय राहिलं? माळ घालून सुरीच्या घरी कोंबडी द्यायला नको होती, त्याचंच असेल काहीतरी.” आणि घाईने पुढे म्हणाल्या, “तुझा दोष नाही हो. तुझं तू पोट भरतेस. दोष देणारीचा.”

त्या दिवशी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. का, ते गोदालाही नीट सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी चूक सांगायची होती. आता चूक, वर खोटं, वर पिल्लू, वर लाडू, एवढं सगळं सांगायचं होतं. जितकं लांबलं तितकं ओझं वाढलं, आणि जितकं ओझं वाढलं तितकं आणखी लांबलं.

जूनमध्ये कमलिनीची लेक दीपश्री बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. बाईंची पहिली पणती! गल्लीत पेढे वाटले. आणि बाराव्या दिवशी, बारशाच्या सकाळी, दीपश्री ओल्या केसांनी गोदाच्या दारात उभी. डोळे सुजलेले.

“गोदाकाकू, तुमचं ऐकते अज्जी. तुम्ही सांगा ना तिला. झबल्याचं कापड तसंच पडलंय. कातर लावायला नको म्हणते. बाळाला हात सुद्धा लावत नाही. दोनदा मी मांडीवर ठेवायला खाली आणलं, दोनदा तिने दार लावून घेतलं. म्हणते, माझ्या हाताखाली अंडं धरत नाही, तुझी पोर कशी देतेस? मी काय चुकले काकू? मुलगी झाली म्हणून का?”

कोंबडीवरून निघालेली गोष्ट या पोरीच्या मनात कुठल्या कुठे जाऊन बसली होती. गोदा म्हणाली, “तू वर जा. मी जाते अक्कांकडे.” शेषगिरीने मशीन थांबवून तिच्याकडे बघितलं. ती त्याला म्हणाली, “काही बोलू नका.” आणि गेली.

सरस्वतीबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. वरून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले होते, थंडीत मुलं ठेवतात तसे. गोदा खालच्या पायरीवर बसली आणि तिने सांगितलं. पट्टी, रविवार, डबा, दुसरी कोंबडी, बाजारातलं पिल्लू. घाईघाईने, खाली बघून.

बाई ऐकून हसल्या. “अय्यो गोदा! दीपाने पाठवलं होय तुला? माझं मन हलकं करायला एवढं मोठं खोटं स्वतःवर घेतेस? पोटची लेक करणार नाही गं.” आणि त्यांनी हात पुढे करून गोदाच्या गालावरून फिरवायला घेतला, पण मध्येच तो हात आठवून मागे ओढला.

गोदाला तो मागे गेलेला हात बघवला नाही. एवढं बोलूनही आपण चांगल्याच ठरतोय! तिला स्वतःची किळस आली.

“तिचं पोट उघडं होतं, अक्का,” ती म्हणाली. “छातीखाली एवढी जागा. मी पिसं ओढायला गेले तर तिथं पिसंच नव्हती. मऊ लागलं, सैल. पाण्यातून काढलीय म्हणून गरम असेल, असं मी मनाला सांगत होते. मला तेव्हाच कळलं होतं. कळल्यावर मी हळद चोळली.”

बाईंचं हसू ओसरलं. खुडूक कोंबडी कितीही वेळा मांडीवर घेतली तरी पिसांखालची ती जागा दिसत नाही. ती पिसं काढणाऱ्यालाच दिसते, हे पन्नास वर्षं कोंबड्या सांभाळणाऱ्या बाईला सांगायला नको.

“किती दिवस झाले होते तिला बसून?”

“बारा.”

“म्हणजे अंडी भरली होती.”

“हो.”

“आणि ती... घेऊन गेले कुणी?”

“हो, अक्का.”

“काय म्हणाले?”

गोदाला वाटलं, या एका प्रश्नाला तरी खोटं बोलावं. पण खोटं बोलायची ताकदच राहिली नव्हती. “चांगली होती म्हणाले. तशीच पुन्हा पाठवा म्हणाले.”

बाईंनी गळ्यातली माळ मुठीत धरली. मग त्यांनी मांडीखालचा दुसरा हातही काढला आणि दोन्ही तळवे डोळ्यांजवळ आणून बघितले. काय दिसलं असेल कुणास ठाऊक.

“म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“काही नाही. सगळी खोट माझी. कोंबडा माझा, पट्टी माझी, सुरी माझी.”

“अकरा दिवस,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “अकरा दिवस ती पोर वर रडतेय आणि मी इथं हात दाबून बसलेय. दीपाने बाळ आणलं, मी दार लावलं. माझ्याच नातीच्या तोंडावर. कोंबडी गेली, इरली, जाऊ दे. कोंबडी आज ना उद्या मरतेच. मला ते लग्नाचं कापडही नको. पण हे अकरा दिवस तू कुठनं आणून देणार? मी काय आता पंधरा वर्षांची आहे?”

गोदा त्यांच्या पायांवर वाकली, तर बाईंनी पाय मागे घेतले. “साकु,” त्या म्हणाल्या. “ऊठ. मला जिना दिसत नाही. हात धर आणि वर ने.”

गोदाने हात धरून त्यांना वर नेलं. एकेका पायरीवर त्या थांबत होत्या, पण त्यांनी आपलं वजन गोदावर टाकलं नाही.

वर बारशाची गर्दी. कमलिनीने सासूला दारात बघितलं आणि हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. बाईंनी न बोलता कातर मागितली. पांढऱ्या मलमलीला पहिली कातर लावली आणि मग हात पुढे केले. दीपश्रीने बाळ दिलं. बाईंनी तिला छातीशी धरलं, तोंडाजवळ नेलं आणि ढसढसा रडल्या. बायकांनीही पदराने डोळे टिपले. पाळण्यात घालून नाव ठेवलं, पूजिता. आणि मग सगळ्या जणी गोदाकडे वळल्या. कोण म्हणालं, गोदा, काय जादू केलीस गं? कोण म्हणालं, सख्ख्यांना जमलं नाही ते शेजारणीने केलं. दीपश्रीने तर येऊन तिचे दोन्ही हात धरले. “काकू, काय सांगितलंत तुम्ही अज्जीला?”

गोदाने बाईंकडे बघितलं. बाई पणतीच्या पायाची बोटं मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सांग की.”

गोदाने सांगितलं. आधी दोघी-तिघी हसल्या, त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग कुणी हसलं नाही. तिने काही गाळलं नाही, सहा महिन्यांचे लाडू सुद्धा नाहीत. दीपश्रीने धरलेले हात कधी सोडले ते तिला कळलं नाही.

मग कमलिनी म्हणाली, चला, घुगऱ्या वाटायच्यात. आणि पुन्हा हालचाल सुरू झाली. रीतीप्रमाणे बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरायला लागलं. प्रत्येकीने घ्यायचं, बोटावर कुंकू लावून कपाळाला टेकवायचं आणि पुढे द्यायचं. गोदा भिंतीशी शेवटची बसली होती. बाळ तिच्या शेजारणीपर्यंत आलं. गोदाने मांडीवर पदर पसरला.

दीपश्री उठली, मध्ये आली आणि शेजारणीच्या मांडीवरूनच तिने बाळाला उचललं.

“झोप आलीय तिला,” ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

पोर टक्क जागी होती. गोदाने पदर आवरला आणि घुगऱ्यांच्या रिकाम्या वाट्या गोळा करायला उठली.